उत्तर देत नाही, मधेच बोलते

नदीकाठचं घर
९ मार्च २०१५

प्रिय स्तामेनामावशी,

आईला जाऊन चाळीस दिवस झाले. शनिवारी रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने गहू उकडून लोकांना वाटले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बुर्गासहून इतका वेळ बसमध्ये बसता येत नाही, हे मला कळतं. तू आली नाहीस याचं मला काही वाटलं नाही.

तू तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर मला माणूस दिसत नाही. तू थांबतेस तेव्हा तुझं संपलंय की तू श्वास घेतेयस, हे मला कळत नाही. मी बोलायला लागते तेव्हाच तूही लागतेस, मग दोघी गप्प, मग पुन्हा दोघी एकदम. असं दोन-तीनदा झालं की मी फोन ठेवून देते. पत्रात तसं होत नाही. आधी तू लिहिशील, मग मी लिहीन. म्हणून हे पत्र.

शनिवारी अठरा माणसं आली होती. प्रत्येकाने मला काहीतरी विचारलं आणि प्रत्येकाला एव्हलोगीदादाने उत्तर दिलं. नेदा बरी आहे. नेदा जेवते. नेदा नोकरीवर जाते. मी शेजारीच बशा घेऊन उभी होते. रायना शेजारीण म्हणाली, "अहो, तिला बोलू द्या की." सगळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात माझ्या मनात तयार असलेलं वाक्य निघून गेलं आणि नदीचं निघालं. पाणी चारशे बारा सेंटिमीटरवर आहे, पुढच्या आठवड्यात चढेल, का चढेल, वरच्या देशांत बर्फ किती वितळलं. मी किती वेळ बोलले ते मला माहीत नाही. दादाने माझ्या हातातल्या बशा काढून घेतल्या तेव्हा थांबले.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ती तुला सांगते.

त्या दिवशी सकाळी मी नोकरीप्रमाणे काठावरच्या मोजपट्टीवर नदीची पातळी बघून आले होते. आई स्वयंपाकघरात दह्याची वाटी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "नेदा, मला जरा," आणि थांबली. मी लहान असताना आईनेच मला शिकवलं होतं, समोरचा थांबला की मनात दहा मोज, मग बोल. पण तिचं वाक्य अर्धंच होतं. अर्ध्या वाक्यावर मोजायचं नसतं, थांबायचं असतं, हेही तिनेच शिकवलेलं. ती माझ्याकडे बघत होती. मी थांबले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली, मग तिच्या हातातून चमचा पडला.

मी तातडीच्या नंबरवर फोन केला. तिकडची बाई एकामागून एक विचारत होती. मी पहिल्याचं उत्तर द्यायला लागले की ती तिसरं विचारायची. मी तिच्या बोलण्यावर बोलत गेले. शेवटी ती म्हणाली, "आधी शुद्धीवर या, मग फोन करा." मग मी रायनाकडे धावले. फोनचं दादाला माहीत आहे. अकरा मिनिटांचं माहीत नाही.

तुझी,
नेदा

बुर्गास
२१ मार्च

नेदा, माझ्या बाळा,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून, बाकीच्या वेळी रडण्यामुळे. गुडघा अजून दारासारखा करकरतो, समुद्राचा वारा आणि माझी हाडं यांचं कधी जमलंच नाही. पण माझं सोड.

त्या अकरा मिनिटांत तुझा काहीही दोष नाही. माझ्या बहिणीचा जीव तिथेच गेला असणार, लगेच. मी डॉक्टर नाही, पण मला तसं वाटतं, आणि तूही तसंच धरून चाल. एक मात्र मनाला टोचतं. इतकी वर्षं आपण तुझ्या गप्प बसण्याला स्वभाव म्हणत राहिलो. ताईचा तुझ्यावर इतका जीव की नदीचा आकडासुद्धा तीच ऑफिसला फोन करून कळवायची. आता कोण कळवतं?

एव्हलोगीशी बोलणं झालं. काळजीने पोखरला आहे बिचारा. मी त्याला तुझी बाजू समजावून सांगितली, तो आता तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. त्याने बोलावलं तर प्लेव्हेनला त्याच्या घरी चार दिवस जाऊन ये. त्याची बायको पोलिना जिभेची तिखट आहे, पण हाताला चव आहे. रिकाम्या घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं.

तुझी मावशी
स्तामेना

नदीकाठचं घर
८ मे

प्रिय मावशी,

मी भिंतींशी बोलत नाही. आकडा मी मोबाइलवर संदेश लिहून कळवते. ऑफिसला ते जास्त आवडलं, कारण आई दर वेळी त्यांना हवामानाचंही सांगायची.

प्लेव्हेनला चार दिवस सांगून गेले होते, दादाने अकरा दिवस ठेवून घेतलं. तेवढे दिवस रायनाने आकडा वाचला आणि दोनदा चुकीचा वाचला.

तिथे जेवताना दादा, पोलिना आणि पोलिनाची आई एकाच वेळी बोलतात आणि तरीही त्यांना एकमेकांचं ऐकू येतं. ते कसं करतात हे मी रोज बघत होते. मला सांगायचं होतं की घेवड्यात पुदिना थोडा जास्त पडलाय. मी वाक्य तयार केलं. तोवर विषय गाडी कुठे लावायची यावर गेला. पोलिनाच्या आईने पाणी प्यायलं, म्हणजे मोकळी जागा आहे असं वाटून मी म्हणाले, "पुदिना जास्त आहे." पोलिना म्हणाली, "गाडीत का गं?" आणि ते हसले. वाईट हसले नाहीत. मीही हसले. पण तिसऱ्या दिवसापासून मी वाक्यं तयार करायची बंद केली. मग दादा म्हणायला लागला, बघा, ती तोंडच उघडत नाही.

नंतर त्याने मला एका डॉक्टरांकडे नेलं. आपले ओळखीचे आहेत, नुसत्या गप्पा मारायच्या, असं म्हणाला. डॉक्टर मला विचारायचे, दादा सांगायचा. शेवटी डॉक्टर दादाला म्हणाले, "ऑटिझम आहे. लहानपणीच लक्षात यायला हवं होतं." मी तिथेच होते. तो शब्द मी ग्रंथालयातल्या पुस्तकात सहा वर्षांपूर्वी वाचला होता आणि तेव्हाच ओळखला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ते दोघं उभे राहून हात मिळवत होते.

काल कोर्टाचा कागद आला. दादाने अर्ज केला आहे. मला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं ठरवून त्याला माझा पालक नेमावं, असा. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. तसं ठरलं तर मी कुठे राहायचं, नोकरी करायची की नाही, कोणत्या कागदावर सही करायची, सगळं तो सांगणार. मतदानही नाही.

मी कागद हातात घेऊन दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, तुझ्या भल्यासाठीच आहे, ऐक तर," आणि मी ऐकलं. सतरा मिनिटं ऐकलं. मग त्याने फोन ठेवला.

तुला हे आधी माहीत होतं का?

नेदा

प्लेव्हेन
१९ मे

मावशी,

तुझं पत्र मिळालं. "तू मला फसवलंस" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी कोणाला फसवलेलं नाही. नेदाचं पत्र तू स्वतः मला पाठवलंस, वरती चिठ्ठी लावून की वाच म्हणजे तुला तिचं मन कळेल. मला कळलं. आई डोळ्यांसमोर जात होती आणि माझी बहीण तिचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसली होती. हे वाचून मी काय करायला हवं होतं असं तुला वाटतं?

उद्या ती स्वतः पडली तर? चोर आला तर? तातडीच्या नंबरवरच्या बाईला ती दारुडी वाटली. मी इथे ऐंशी किलोमीटरवर. लहानपणापासून तिच्या वाटचं मीच बोलत आलोय. शाळेत तिच्या बाई मला वर्गातून बोलावून घ्यायच्या, सांग तुझ्या बहिणीला काय हवंय. मी नऊ वर्षांचा होतो. कधी बरोबर सांगायचो, कधी चूक. कोणी तपासत नव्हतं.

तिला कुठल्या संस्थेत टाकायचा माझा विचार नाही. माझ्या घरात मागची खोली रिकामी केली आहे. ते पत्र वकिलाला दिलं, कारण तो म्हणाला यापेक्षा मोठा पुरावा नाही. तिला तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

एव्हलोगी

नदीकाठचं घर
२३ जून

मावशी,

काल कोर्टात गेले. फाइल बघायचा मला हक्क आहे, असं कोर्टाने दिलेल्या वकीलबाईंनी सांगितलं. म्हणून बघितली. चौदाव्या पानावर माझं ९ मार्चचं पत्र आहे. "अकरा मिनिटं" या शब्दांखाली निळी रेघ आहे. तुझी चिठ्ठीही आहे.

मी तुला विचारलं होतं, आधी माहीत होतं का. तू सहा आठवडे उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

कोर्टात काय झालं ते लिहिते, कारण ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं. न्यायाधीश बाई आहेत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला इथे का बोलावलंय हे माहीत आहे का?" मी मनात मोजायला लागले. सहावर आले तेव्हा दादा म्हणाला, "तिला थोडं समजावून सांगावं लागतं." मग त्यांनी दुसरं विचारलं. मी पहिल्याचं उत्तर देत होते. त्या म्हणाल्या, थांबा. मी थांबले. त्या म्हणाल्या, बोला. मला वाटलं त्या वकीलबाईंना म्हणाल्या. वकीलबाईंना वाटलं मला. मग मी ठरवलं की आता मोजायचं नाही, आणि बोलायला लागले, तेव्हा न्यायाधीश बोलत होत्या. मी थांबू शकले नाही. अशा वेळी घशातलं वाक्य मागे घेता येत नाही, ते पूर्ण बाहेर पडावं लागतं.

टंकलेखिकेने काय लिहिलं ते मला समोरच्या पडद्यावर दिसत होतं. "प्रश्नांना उत्तर देत नाही. मधेच बोलते." दोन्ही एकाच ओळीत.

बोलले तरी तेच, नाही बोलले तरी तेच. या एका जागी, कागदावर, मला कोणी तोडत नव्हतं. तीही आता फाइलमध्ये आहे.

पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. तू लिहू नकोस.

नेदा

बुर्गास
२ जुलै

नेदा,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. तुझं पत्र मी पाठवलं. तुला न विचारता पाठवलं, आणि नंतर तुला सांगितलं की समजावलं. हे दोन्ही मी केलं. मला वाटलं होतं, एव्हलोगी वाचेल, रडेल आणि गाडी काढून तुझ्याकडे येईल. तो रडला, पण वकिलाकडे गेला.

तुझ्या मेमधल्या पत्राला मी पाच वेळा उत्तर लिहायला घेतलं. दर वेळी सुरुवात गुडघ्यापासून व्हायची आणि खरं काय ते यायच्या आधी पान संपायचं. इतकी बडबडी बाई मी, पण नेमकं बोलायचं तेव्हा माझीच वाचा बसली.

मावशी

बुर्गास
१४ ऑगस्ट

नेदा,

उत्तर नाही आलं. येणार नाही हेही कळतं.

मी कोर्टाला लेखी जबाब पाठवला आहे, नोटरीसमोर सही करून. पत्र माझं नव्हतं, द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि ते लिहिणारी बाई निर्णय घ्यायला असमर्थ आहे असं मला वाटत नाही. इतकंच लिहिलं. नोटरी म्हणाला, अजून काही? म्हटलं, नको, मी फार बोलते. त्याची नक्कल सोबत आहे. बाकी काही मागत नाही.

मावशी

नदीकाठचं घर
४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. वाचून ती नदीच्या नोंदवहीखाली ठेवली होती. तुला माफ केलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. तू खोटं बोललीस आणि मग खरं लिहिलंस. दोन्ही मी धरून आहे.

सप्टेंबरची तारीख होऊन गेली. गावभर मिरच्या भाजायचा धूर होता, कोर्टाच्या खिडक्या बंद करून घेतल्या होत्या आणि आत उकडत होतं. जाण्याआधी मी वकीलबाईंना चार पानं लिहून दिली होती, मला बोलायला काय लागतं याची. त्यांनी ती वाचली आणि न्यायाधीशांना विनंती केली. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मी "झालं" म्हणेपर्यंत कोणी बोलू नये. दादाचा वकील म्हणाला, हे कोर्ट आहे, शाळा नाही. न्यायाधीश म्हणाल्या, बघू या.

आधी तुझा जबाब वाचला. दादा खाली बघत होता. मग न्यायाधीशांनी मला विचारलं, "त्या अकरा मिनिटांबद्दल तुम्हाला काय सांगायचंय?"

सगळी खोली गप्प झाली. इतकी शांतता माझ्यासाठी कोणी कधी धरली नव्हती आणि ती मला सहन होईना. मी दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. दादाच्या खुर्चीचा आवाज झाला, तो पुढे झुकला होता. मला त्याची ती हालचाल माहीत आहे, त्यानंतर तो बोलतो. न्यायाधीशांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. तो तसाच झुकलेला राहिला.

मी म्हणाले, "मी अकरा मिनिटं थांबले, कारण माझी आई बोलतेय असं मला वाटलं. ती उठली असती का, वाचली असती का, मला माहीत नाही. मी रोज ती अकरा मिनिटं मोजते. पण मला जन्मभर सगळ्यांनी थांब म्हणून शिकवलं. आता बोल, हे कोणी शिकवलं नाही. ते मी आता शिकतेय. माझ्या दादाच्या मागच्या खोलीत ते शिकता येणार नाही. तिथे माझ्या वाटचं बोलायला तीन माणसं आहेत."

मग मी थांबले. अजून एक वाक्य होतं पण ते आठवेना. "झालं" म्हणायचंही राहिलं. कोणीच बोललं नाही. टंकलेखिका माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हणाले, "झालं."

न्यायाधीशांनी दादाला विचारलं, अर्ज मागे घ्यायचाय का? तो उभा राहिला. म्हणाला, "ती म्हणते ते खरं असेल. पण ती पुन्हा अशीच बसून राहिली तर मी कोणाला तोंड दाखवू? कोणीतरी बोलायला हवं ना." त्याने अर्ज मागे घेतला नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्याने मला सिगारेटच्या धुरातून विचारलं, "खरंच मी तुला बोलू देत नाही?" मी उत्तर तयार करत होते. तो म्हणाला, "बघ, आताही मी विचारलं आणि तू गप्प." मग तोच म्हणाला, "नाही, थांब. थांबतो मी." आणि थांबला. सिगारेट संपली, दुसरी पेटवली, तीही अर्धी झाली. मी म्हणाले, "हो." त्याने मान खाली घातली आणि गाडीकडे गेला. मी बसने आले.

निकाल गेल्या आठवड्यात पोस्टाने आला. दादाचं पालकत्व पूर्ण नाही, अर्धं. घर सोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही. पण घराच्या कागदपत्रांवर, करारावर, दवाखान्याच्या संमतीवर माझ्या एकटीची सही चालणार नाही, शेजारी दादाची लागेल. निकालपत्रात माझं बोलणं तीन ओळींत आहे आणि ते बरोबर लिहिलं आहे. त्याखाली लिहिलंय, "संवादातील विलंब लक्षात घेता". या विलंबामुळे मी अर्धी सज्ञान आहे.

वकीलबाई म्हणाल्या, बरंच मिळालं, आता पुरे करा. रायनाही म्हणाली, पुरे कर. काल पोस्टात गेले तर खिडकीतल्या मुलीने, जी मला वीस वर्षं ओळखते, विचारलं, "भाऊ आलाय का सोबत?" तिला नीट माहीत नव्हतं कशाला सही लागते आणि कशाला नाही. मी समजावून सांगेपर्यंत तिने माझ्या मागच्या माणसाचं पार्सल घेतलं. मी रांगेबाहेर उभी राहिले. आता हे असंच चालणार, मावशी. प्रत्येक खिडकीवर. भिंत बांधून दार अर्धं उघडं ठेवलंय आणि सगळे म्हणतात, बघ, दार आहे.

मी अपील करणार आहे. दोन आठवड्यांची मुदत आहे, अर्ज मी स्वतः लिहिला, नऊ पानं. वकीलबाईंनी त्यातली पाच काढून टाकली, ती नदीबद्दल होती. तारीख बहुधा जानेवारीत लागेल, वरच्या कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर. एकाची वाट बघणं मला जमलं. तिघांचं कसं जमेल ते माहीत नाही. ते आपसातही बोलतील.

तुझा गुडघा जानेवारीपर्यंत बसमध्ये बसण्याइतका बरा होईल का? झाला तर ये. माझ्या शेजारी बस. मी अडकले तर मला पाणी दे, हाताला हात लाव, काहीही कर. पण माझ्या आधी बोलू नकोस.

नेदा